बेसवाला मध्येच उठून गेला

प्रिय मित्रा,

तुझी पत्रं मिळाली, वाचली, पुन्हा वाचली, आणि उत्तर तेवढं राहिलं. कारणं सांगत बसत नाही, तुला ती कधी पटलेली नाहीत. आज लिहायला बसलोय कारण परवा जे घडलं ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही. तब्येत बरी आहे, मनगट अधूनमधून बोलतं, बाकी ठीक.

परवा आपला बेसवाला प्लॅनेट एक्स बँडचं 'क्वांटम' चालू असताना मध्येच उठून गेला.

हो, तोच. आणि 'क्वांटम'च. दुसरं काही असतं तर मी तुला लिहिलंही नसतं.

झालं असं की ताईच्या धाकट्याला ड्रम शिकायचेत. व्हर्जिल डोनाटीचे छोटे छोटे व्हिडिओ पाहून पोरगं वेडं झालंय. वकील म्हणाले, तुकडे काय दाखवतोस, त्याला आख्खी रेकॉर्ड ऐकव, सलग, फोन बाजूला ठेवून. मला तेवढंच हवं होतं. ताई आली, वकील आले, बेसवाल्याला मी मुद्दाम बोलावलं. पहिला तुकडा झाला, 'डेझर्ट गर्ल' झालं, तिसरा झाला. मग 'द थिंकिंग स्टोन' लागलं. आठवतंय ना, हे लागलं की तो आपल्याला हाताने गप्प करायचा? होल्ड्सवर्थची गिटार सुरू व्हायच्या आधीच गप्प बसवायचा, कुणी खोकलं तरी चिडायचा. तिथेच उठला. म्हणाला, "तुम्ही ऐका, बंद करू नका. मला यात माणूसच सापडत नाही." आणि चपला घालून गेला.

रेकॉर्ड संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले. धाकट्याचं म्हणणं, या डोनाटीला पाय किती आहेत. त्याला दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं, आणि त्याच्या वयात ते बरोबरच आहे. वकील म्हणाले, हुशारी अफाट आहे, पण साक्षीदार फार आणि फिर्यादी कुठेच दिसत नाही. ताई म्हणाली, "घरी जाताना गुणगुणायला एक ओळ द्या मला. एक." मी तिला सुचेल ती ओळ गुणगुणून दाखवली. ती म्हणाली, ही तुला पाठ आहे, मला लक्षात राहायला हवी ना.

ताईचं बोलणं मला लागलं नाही. खरं आहे ते. हे लोक एखादी सुरेल ओळ देतात आणि लगेच तिला वळवतात, मोडतात, पुढच्या वेळी दुसऱ्याच मात्रेवर उभी करतात. पहिल्या ऐकण्यात ती हाती लागत नाही. पण एक गोष्ट माझ्या फार दिवस मनात आहे, ती तुलाच सांगतो. या संगीताची वाहवा करणारे आणि नाक मुरडणारे, दोघंही एकच ऐकतात: बोटं. एक म्हणतो काय वेग आहे, दुसरा म्हणतो नुसता वेग आहे. गार्सेड गिटारवर एखादा सूर धरून ठेवतो, डाव्या हातानेच ओळ पुढे सरकवतो, पिक जेमतेम लावतो, तेव्हा दोघांच्याही कानांना सुट्टी असते. शेरिनियन कीबोर्डवर गिटारसारखा गुरगुरतो, पिच-बेंडने सूर वाकवून चढवतो, त्यावर कुणी बोलत नाही. किती सूर वाजले एवढाच हिशेब.

आणि मला सांग, तबल्याचा सोलो ऐकताना कुणी विचारतं का, यात माणूस कुठे आहे? कायदा उलगडतो, पलटे येतात, रेला सुटतो, चक्रदार तीनदा फिरून समेवर येतं आणि अख्खी बैठक मान हलवते. तिथे गणित आणि आनंद यांच्यात भांडण लावायचं कुणाला सुचत नाही. डोनाटी वेगळं काय करतो? पायांत एक मोजणी, हातांत दुसरी, सम डोळ्यांआड लपवून ठेवलेली, आणि चौघं एकदम तिच्यावर येऊन पडतात तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. फरक एवढाच की तबल्याला लेहरा असतो, तीच धून फिरून फिरून वाजत असते, तो ऐकणाऱ्याचं बोट सोडत नाही. इथे लेहरा नाही. ऐकणाऱ्यानेच तो मनात धरून ठेवायचा. हे मागणं जास्त आहे, हे मला मान्य आहे. पण ते माणसाने माणसाकडे केलेलं मागणंच आहे ना?

आता तू म्हणशील, म्हणूनच मी सांगत होतो, त्यापेक्षा लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट हा बँड ऐका. थांब, मीच तुझी बाजू मांडतो, तुझ्यापेक्षा बरी मांडीन. 1998 ची पहिली रेकॉर्ड, ड्रमवर पोर्टनॉय, गिटारवर पेट्रुची, कीबोर्डवर रुडेस आणि बेसवर टोनी लेव्हिन. शेवटी ते अठ्ठावीस मिनिटांच्या वर चाललेलं उत्स्फूर्त वाजवणं, आणि सोबत छापलेली ताकीद की ज्यांना धीर नाही किंवा असल्या लाडावलेल्या वाजवण्याचा राग येतो त्यांनी आठव्या तुकड्यानंतर यंत्र बंद करावं. तू ती ताकीद पाठ म्हणून दाखवायचास, पाहुण्यांसमोरसुद्धा. तुझं म्हणणं असं की तिथे चौघं एकमेकांना हसवताना ऐकू येतात, माणूस तिथे आहे. आणि दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी पेट्रुचीच्या बायकोचं बाळंतपण आलं, तो गेला, उरलेले तिघं वाजवत राहिले, त्याचीही पुढे वेगळी रेकॉर्ड निघाली, यापेक्षा माणूस कुठे हवाय, असं तू टेबलावर हात आपटून म्हणाला होतास. ती तिघांची रेकॉर्ड 2007 साली आली, आणि 'क्वांटम'ही 2007 चंच, हे मात्र तू सोयीने विसरतोस.

आणि तुझ्या त्या लाडक्या रेकॉर्डींनी माझ्या माणसाची खुर्ची गेली, हे मी अजून विसरलेलो नाही! पोर्टनॉय आणि पेट्रुचीला रुडेस आवडला, 1999 मध्ये तो त्यांच्या मूळ बँडमध्ये, ड्रीम थिएटरमध्ये, आला आणि शेरिनियन बाहेर. ॲलिस कूपरसोबत वाजवून आलेला माणूस, तो काय रडत बसणार होता? त्याने डोनाटीला घेतलं, गिटारला टोनी मॅकअल्पाइनला घेतलं आणि 2000 साली प्लॅनेट एक्सचं 'युनिव्हर्स' काढलं. तो रागच आहे त्या पहिल्या रेकॉर्डमध्ये, मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. तू म्हणालास राग नाही, आवाज मोठा आहे. यावर आपण किती दिवस बोललो नव्हतो ते वहिनींना विचार, त्यांना लक्षात असेल.

असो. मुद्दा बेसवाल्याचा.

त्याने हे वाक्य म्हणावं? ॲनिमल्स ॲज लीडर्स या बँडची 2009 ची पहिली रेकॉर्ड त्यानेच आपल्या माथी मारली होती. तिच्यात ड्रमवर कुणी बसलेलंच नाही, ड्रम सगळे मिशा मन्सूरने यंत्रावर रचलेले. वकिलांनी तेव्हा हाच आक्षेप घेतला होता आणि बेसवाला म्हणाला होता, ठोका कुणी मारला ते सोडा, तिथे ठोका हवा असं कुणाला वाटलं ते ऐका. मला ते वाक्य आयुष्यभर पुरलं. जिथे ड्रमवर माणूस नव्हता तिथे त्याला माणूस सापडत होता. आणि होल्ड्सवर्थमध्ये सापडत नाही?

होल्ड्सवर्थमध्ये! ज्याला लहानपणी सॅक्सोफोन हवा होता आणि हातात गिटार आली, त्याने जन्मभर त्या गिटारमधून श्वास काढायचा प्रयत्न केला. तारेवर ठोका कमीत कमी, म्हणजे सुराची सुरुवात ऐकू येऊ नये, नुसती फुंकर यावी. 'द थिंकिंग स्टोन'मध्ये खाली ताल वाकडातिकडा चाललाय आणि तो वरून असा जातो की त्याला रेषा दिसतच नाहीत. लोक त्याला थंड म्हणायचे, डोक्याने वाजवतो म्हणायचे. 2017 च्या एप्रिलमध्ये तो गेला, सत्तर वर्षांचा होता. अंत्यसंस्कारासाठी 20 हजार डॉलर जमवायचे होते, आणि जगभरच्या अनोळखी लोकांनी बघता बघता लाखाच्या वर दिले. ही बातमी मला बेसवाल्यानेच सांगितली होती. सांगताना त्याचा आवाज फुटला होता. तू तेव्हा तिकडे होतास, तुला मी कळवलं होतं बहुतेक.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी त्याला फोनवर ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. एकदाही अडवलं नाही. हाच माणूस, ज्याच्याशी बोलताना वाक्य पूर्ण करायची आपल्याला कधी संधी मिळाली नाही. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मला एकदम भीती वाटली रे.

मग मी विचारलं, बेस कुठे आहे? सहज विचारलं, तारा बदलल्यास का, असं काहीतरी. म्हणाला, "दिला."

कुणाला, केव्हा, का, काही नाही. पाच तारांचा तो बेस. आपण तिघं मिळून आणायला गेलो होतो तो. मग त्याने तुझी चौकशी केली, ताईच्या धाकट्याने आधी सरावाच्या पॅडवर हात बसवावा म्हणाला, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. तो रेकॉर्डबद्दल बोलतच नव्हता असं मला वाटायला लागलंय. तुला आठवेल, 'क्वांटम' ऐकताना आपण दोघं वरचं ऐकायचो, तू ड्रम आणि मी कीबोर्ड. तो एकटा खालचं ऐकायचा. रूफस फिलपॉटच्या बेसच्या ओळी वेग निम्मा करून करून त्याने वहीत उतरवल्या होत्या. जिमी जॉन्सन जेम्स टेलरच्या शांत गाण्यांमागे वाजवतो आणि इथेही वाजवतो, याचं त्याला केवढं अप्रूप होतं! म्हणायचा, या लोकांत बेसवाला कुणाला ऐकू येत नाही, पण त्याने हात काढला तर बाकीच्यांना कुठे उभं राहायचं ते कळणार नाही. त्याचं सगळं ऐकणं हातांतून चालायचं. त्या ओळी तो मांडीवर वाजवत ऐकायचा. परवा मी पाहिलं, त्याचे हात मांडीवर होते आणि स्थिर होते. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता तेच हात डोळ्यांसमोर येतात.

की हा माझाच कल्पनाविलास आहे? माणसाला वय झाल्यावर साधं, सुटसुटीत काही ऐकावंसं वाटू शकतं, त्यात बिघडलं काय? तसं असेल तर मी आनंदाने गप्प बसेन, त्याला हवं ते लावीन. पण "बरोबर आहे तुझं" हे त्याचं बोलणं नाही. त्याने भांडायला हवं होतं. तो खरंच त्या संगीताला कंटाळला असता तर त्याने मला तासभर सोललं असतं, प्रत्येक तुकडा घेऊन. ज्याचं मत बदललंय तो माणूस भांडतो. हा भांडला नाही.

आणि दुसरी काळजी, जी मी वकिलांनाही बोललो नाही. त्याला सापडत नसेल, तर एखाद्या दिवशी मलाही सापडणार नाही का? मी परवापासून ती रेकॉर्ड लावलेली नाही. लावायला हात जातो आणि थांबतो.

म्हणून तुला लिहितोय. तू त्याला फोन कर. माझं पत्र आलं असं सांगू नकोस. तब्येतीचं विचारू नकोस, बेसचं तर अजिबात नको. 'क्वांटम'च्या शेवटच्या तुकड्यातल्या त्या जागेवरून तुमचा वाद होता ना, तू अकरा मात्रा म्हणायचास आणि तो म्हणायचा चारचाच ताल आहे, फक्त ठोके सरकवलेत, तेच काढ. ठासून सांग की अकराच आहे. वाटल्यास माझंही मत तेच झालंय असं सांग, मग तर चिडेलच. चिडला तर मला लगेच कळव.

तुझ्या बदलीचं वाचलं, छान झालं, घर लागलं का नीट? वहिनींच्या नव्या कामाबद्दल त्यांचं अभिनंदन सांग. लेकीला गिटार हवी आहे म्हणतोस, तर घे की, विचार कसला करतोस. फक्त पहिल्याच आठवड्यात तिला पेट्रुची ऐकवू नकोस, पोर गिटार परत करेल. बाबांना नमस्कार.

फोन संध्याकाळी कर. हल्ली तो लवकर झोपतो.

तुझाच,
मी

ता.क. लिक्विड टेन्शनची तिसरी रेकॉर्ड, ती 2021 ची, तुझ्याकडेच आहे ना? ताईच्या धाकट्याला हवी आहे. पोस्टाने पाठव, आणि आत चिठ्ठी घालून त्याला माझ्याविरुद्ध फितवू नकोस.