गाडी दोन फूट पुढे घेणाऱ्या काकांना

ती. काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं काका. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्ही ते वाचणार नाही हे उघडच आहे. पण तीन आठवडे इंग्रजीत लिहायचा प्रयत्न केला आणि 'थँक यू सो मच'च्या पुढे गाडी सरकेना. तेवढं तर मी रोज सकाळी कॉफी देणाऱ्या मुलालाही म्हणते.

तुमच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला कच्चा रस्ता, ऊडनडाटा ट्रॅक, कॉवर्ड स्प्रिंग्जचे झरे मागे टाकून विल्यम क्रीक या वस्तीकडे जाताना. भाड्याची पांढरी गाडी, डावं मागचं चाक बसलेलं, आणि कडेच्या खडीत डोक्यावर माश्यांची जाळी ओढून दोन बायका एकमेकींशी न बोलता बसलेल्या. त्या आम्ही.

आमचा बेत होस्टेलच्या दिवसांतला. पाठीला सॅक लावून एकदा वाळवंट बघायचं. राजस्थान होता होता राहिलं, लग्नं झाली, माझी नोकरी अॅडलेडला आली आणि बेचाळिसाव्या वर्षी मैत्रीण पुण्याहून एकटी येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आता गुडघे दुखायच्या आत जाऊ." चार दिवस तंबूत काढले. कटी थांडा या खाऱ्या तळ्याचं मीठ पाहिलं. या देशातली सगळ्यात सखल जागा, आणि पांढरं असं की गॉगल लावूनही डोळे मिटावे लागतात. विमानं शेपटीवर उभी करून ठेवलेली पाहिली (कुणाला सुचलं असेल!). आदल्या संध्याकाळी कॉवर्ड स्प्रिंग्जच्या कोमट हौदात पाय सोडून बसलो होतो. ते पाणी जमिनीखालच्या ज्या साठ्यातून येतं तो म्हणे या देशाच्या पाचव्या हिश्शाहून मोठ्या भागाखाली पसरलाय. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याच्या वर बसून आम्ही कॅनमधलं पाणी झाकणाने मोजत होतो.

गाडी देणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याला मी निघतानाच स्टेपनी दाखवली होती. रबराला तडे गेलेले. "ती कधी लागतच नाही हो," म्हणाला. वाटेतल्या मरी गावातून फोन केला तर बराच वेळ बासरी ऐकवून एका मुलीने सांगितलं, "काही झालं तर कळवा." जिथे काही होतं तिथे फोन लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नसावं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली, आणि जॅकचा दांडा पिशवीत नव्हताच.

तुमच्या आधी तीन गाड्या गेल्या, तेही सांगते. ओळीने. छपरावर तंबू, बाजूला फावडी, पुढे नाकाडासारखी वर काढलेली नळी, सगळा जामानिमा. मी उभी राहून दोन्ही हात हलवले. पहिल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. दुसऱ्यानेही. तिसऱ्यानेही. इकडच्या रस्त्यांवर हा रामराम असतो, मला माहीत आहे, मीसुद्धा हौसेने करते. पण रामराम करून अंगावर धुरळा उडवत जाणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना वाटलं असेल आम्ही मजेत बसलोय. तसंच वाटलं असेल असं अजून स्वतःला सांगते.

मग आमचं भांडण झालं. मैत्रीण म्हणाली, चालत जाऊ, विल्यम क्रीक किती लांब असेल? मी म्हटलं, गाडी सोडायची नाही. १९९८ च्या डिसेंबरात याच भागात एका परदेशी तरुणीची गाडी तळ्याकाठच्या वाळूत रुतली होती. ती विल्यम क्रीकच्या दिशेने चालत निघाली आणि वाटेतच गेली. सोबतचा गाडीपाशी परतला, तो वाचला. हे मी वाचलेलं होतं, पण तिला सांगवेना. सांगितलं असतं तर ती घाबरली असती, म्हणून नुसतीच ओरडले. ती म्हणाली, "तुला कायम तुझंच खरं करायचं असतं." वीस वर्षांचं सगळं निघालं. उंटच बरे होते, असंही ती म्हणाली. त्यावर मी म्हटलं, तेही आपल्याकडचेच. १८६० साली एका मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून आणले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे झऱ्यामागून झरा धरत याच वाटेने उंटांचे तांडे गेले, तारेचे खांब गेले, रेल्वे गेली. रूळ उखडले, खांब उभे आहेत. ती म्हणाली, "इतिहास नको, पाणी दे."

मी जत तालुक्यातली आहे, काका. ऊन आणि टँकर मला नवे नाहीत. पण जतला निदान बाभूळ असते. इथे गुडघ्याएवढ्या झुडपाच्या सावलीत फार तर चप्पल मावेल. आणि गाडीत बसावं तर भट्टी.

तेव्हा समोरून तुमची यूट, मागे सामानाचा हौदा असलेली गाडी, आली. तुम्ही बोट उचललं नाहीत. वेग कमी केलात, आम्हाला ओलांडून पुढे गेलात, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मग तुम्ही मागे आलात, वाकडी तिकडी वळवलीत, परत पुढे घेतलीत. मला वाटलं, या माणसाला गाडी लावता येत नाही का? इथे तर सगळं जगच पार्किंगला रिकामं. तुम्ही उतरलात तेव्हा कळलं. यूटची सावली बरोबर आमच्या अंगावर पडली होती.

"आधी पाणी प्या," म्हणालात. एवढंच. स्टेपनी तपासली नव्हती का, एकट्या कशाला आलात, नवरे कुठे आहेत, यातलं काही नाही. हे प्रश्न मी गेल्या तीन आठवड्यांत घरच्या ग्रुपवर सोळा जणांकडून ऐकले. मावशीने तर "म्हणून मी कुठे जात नाही" असं लिहिलं.

चाकाचं काय केलंत ते मला नीट सांगता यायचं नाही. भोकात कसलीशी चिकट दोरी खुपसलीत, हवा भरलीत, दोन्ही चाकांना. तुम्ही उन्हात पालथे पडला होतात, मानेवरून घाम ओघळत होता, आणि आम्ही सावलीत. तुमचा करडा कुत्राही उतरून आमच्यात येऊन लवंडला.

मधेच तुम्ही उठलात. हात पँटला पुसलेत, यूटमध्ये बसलात, सुरू केलीत. मी दचकलेच, निघाले की काय! तुम्ही ती जेमतेम दोन फूट पुढे घेतलीत आणि उतरून परत चाकापाशी गेलात. ऊन सरकलं होतं. माझ्या मैत्रिणीच्या पायांवर आलं होतं. तिने पाय आखडलेही नव्हते, तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ते तुम्हाला चाकाखालून दिसलं.

मैत्रीण तेव्हा रडली. मी नाही रडले, मी कुत्र्याच्या पाठीवरच्या माश्या हाकलत राहिले.

आमचे आजोबा उन्हाळ्यात रस्त्याकडेला रांजण भरून ठेवत. दुपारी उठून रांजणाला गुंडाळलेलं पोतं पुन्हा भिजवायचे, कुणी प्यायला येवो न येवो. मला ते रिकामपणाचं काम वाटायचं. त्यांना मी कधी काही म्हटलं नाही, आणि तुम्हालाही नीट काही म्हणता आलं नाही. पैसे पुढे केले तर "नो वरीज, लव्ह" म्हणत हात असा झटकलात की माशीच बसली असावी.

एक गोष्ट मात्र तुम्ही आपणहून बोललात. "गाडीपाशी थांबलात, शहाण्या आहात." मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवर मी पुढची वीस वर्षं काढीन.

मग तिने शेंगदाण्याची चटणी काढली, मी घरी कुटलेली. तुमच्या पावाला लावून दिली. तुम्ही पहिला घास घेतलात, डोळ्यांतून पाणी आलं, थोडं थांबलात आणि दुसरा पाव पुढे केलात. निघताना बरणी तुमच्या सीटवर ठेवली, ती तुम्ही परत दिली नाहीत. बरं वाटलं.

ती फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. वरून थोडं कच्चं तेल घातलंत तर तिखटपणा निवतो. फक्त ओला चमचा घालू नका.

तुमची,
डाव्या बाजूला बसलेली