बल्ब बदलण्याआधी तारा तपासाव्यात

महोदय,

मोटारसायकलचा हेडलाइट मंद वाटू लागला की बहुतेक जण थेट जास्त वॅटचा बल्ब किंवा हॅलोजनच्या जागी एलईडी बसवून घेतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. माझ्या जुन्या गाडीचा बल्ब दोनदा बदलूनही उजेड वाढला नाही, तेव्हा हेडलाइट उघडून पाहिला. होल्डरमधली एक पिन काळवंडलेली होती आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी झाले होते. अशा खराब जोडणीत विद्युतदाब वाया जातो, आणि हॅलोजनला मिळणारा विद्युतदाब 12 व्होल्टवरून 11 वर आला, तरी उजेड जवळपास पाव हिश्शाने घटतो. होल्डर बदलून, बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (हँडलवरच्या बटणाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) यांमार्गे जाड तार ओढल्यावर त्याच 60/55 वॅटच्या (हाय बीम/लो बीम) बल्बने खड्डे दुरून दिसू लागले.

एलईडीला माझा विरोध नाही. मात्र हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाशाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागी नसेल, तर झोत विखुरतो. चालवणाऱ्याला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, पण लांबचा अंधारातच राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 16 मीटरहून अधिक अंतर कापते. तेवढा काळ त्याला काहीच दिसत नसेल, तर त्याच्या जिवाशी आपण का खेळावे? एलईडी हवाच असेल, तर त्यासाठीच बनवलेले संपूर्ण युनिट घ्यावे आणि चालक गाडीवर बसलेला असताना, भिंतीवर झोत पाडून लो बीमची (खालच्या, जवळच्या झोताची) उंची जुळवावी.

— एक मोटारसायकलस्वार