मिस्त्रीकाका, पडवीची फरशी पुरी झाली

सप्रेम नमस्कार.

परवा शेवटची टाईल बसली. सांध्यांत ग्राउट भरून, पुसून झालं आणि पहिली आठवण तुमची आली. समोर येऊन बोलले असते तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय मोडला असता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

साताऱ्यातल्या आमच्या घराची पडवी शहाबादी फरशीची. ती जागोजागी खचली होती, आईचा पाय दोनदा अडखळला. पडवीत गाडीही लागते, म्हणून मी मोरबीच्या जाड पार्किंग टाईल्स आणल्या, १२ मिलिमीटरच्या, वरून खरखरीत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा भाजलेला थर, असलेल्या. सोबत हँडकटर घेतला, म्हणजे दांड्यावर सरकणारं छोटं चाक, खाली उंच पट्टी आणि वर दाबाचा पाय असलेलं हाताने चालवायचं यंत्र. सरळ बसवायचं काम जमत होतं, पण भिंतीकडेची ओळ कापायला घेतली आणि पाच टाईल्स वाया गेल्या. कुठे अर्ध्यात वाकडी तुटायची, कुठे कोपराच निखळायचा.

त्या सकाळी तुम्ही दूध घेऊन चालला होतात. फाटकातून आत आलात, एक तुकडा उचललात आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवलात. मग विचारलंत, "चाक तीनदा फिरवलंस ना?"

कडेला ग्लेझच्या बारीक कपच्या उडाल्या होत्या, त्यावरून तुम्ही ओळखलंत. टाईल जाड आहे म्हणजे जास्त वेळा ओढायला हवं, असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, चाक टाईल कापत नाही, ग्लेझवर नुसती चीर पाडतं. चीर एकच हवी, या काठापासून त्या काठापर्यंत. दुसऱ्यांदा चाक फिरलं की ते जुन्या चिरेतून घसरतं, बाजूला नवी चीर पडते आणि टाईल मग वाटेल तिकडे जाते. टाईल दाब सोसते, ताण सोसत नाही. खालची पट्टी चिरेच्या बरोबर खाली आली आणि वरून दोन्ही बाजू दाबल्या, की वरचा भाग ताणला जाऊन चिरेतूनच उघडतो. जाड टाईलला झटका द्यायचा नाही, काठाजवळ दाबाचा पाय ठेवून हळूहळू भार वाढवायचा.

आणि तो आवाज! "कान दे," म्हणालात. चाक नीट चाललं की सलग 'सर्र' असा आवाज येतो. मध्ये कुठे तो तुटला, तर तिथे चीर पडलेली नाही. चाकावर रॉकेलचा एक थेंब सोडायलाही तुम्हीच सांगितलंत.

काका, खरे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. एवढं सगळं सांगताना तुम्ही कटर माझ्या हातातून घेतला नाहीत. याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, ते "सरक, मी करतो" म्हणाले. तुम्ही दुधाची पिशवी पायरीवर ठेवलीत, हात मागे बांधलेत आणि उभे राहिलात. सहावी टाईल माझ्या हाताखाली 'टक्' करून दुभंगली. कड अशी सरळ, की गुण्या लावून पाहिला तरी फट दिसेना. तेव्हा तुम्ही फक्त मान हलवलीत. ती टाईल आता दाराच्या डाव्या हाताला आहे.

उंबऱ्याजवळची दोन सेंटिमीटरची पट्टी हँडकटरने निघणार नाही, एवढी अरुंद पट्टी मध्येच मोडते, हे तुम्ही आधीच बजावलं होतं. तिथे ग्राइंडर वापरला, पण तुम्ही सांगितलंत तसा: अंगणात, पाणी सोडत, तोंडाला मास्क लावून. बंद खोल्यांमध्ये कोरडी कटिंग करण्यात तुमचं आयुष्य गेलं. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. "आम्हाला कुणी सांगितलं नाही, तू तरी ऐक," हे म्हणताना तुम्हाला खोकला आला होता. मी ऐकलंय, काका. पडवीत काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेय.

आई आता काठी न टेकता फाटकापर्यंत जाते.

दिवाळीनंतर न्हाणीघर काढायचंय. तिथे जाळीसाठी टाईलच्या मधोमध गोल भोक पाडावं लागेल आणि त्याला हँडकटर उपयोगाचा नाही, एवढं मला कळतं. कसं करायचं ते दाखवायला याल ना? चहा आईच्या हातचा असेल, आणि मशीन माझ्याच हातात राहील.

तुमची,
फाटकातली विद्यार्थिनी