काळ्या बिअरचा रंग सोड, भाजणी बघ

म्युनिक, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पुण्यातल्या ब्रुअरीत घेतलेली स्टाउट आणि इथून आलेली डुंकेल, दोन्ही काळ्याच, मग फरक काय, असं तू विचारलंस, आणि स्टाउट घशाला ओरखडली अशी तक्रारही केलीस. सगळ्यात आधी रंग बाजूला ठेव. शंभर किलो धान्यात पाच-सात किलो अगदी काळं भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, पडलं तरी अख्खी बिअर काळी दिसते. त्यामुळे रंगावरून ना चव कळते, ना ताकद. विचारायचं दोनच गोष्टींबद्दल: धान्य किती भाजलंय आणि कोणत्या यीस्टने आंबवलंय.

डुंकेल इथली, म्युनिकची. तिच्यातलं माल्ट साधारण १०० ते ११० अंशांवर वाळवतात. ते करपत नाही, खरपूस होतं. अख्खी बिअर बहुतेक याच माल्टची असते, म्हणून पावाची कड, तव्यावरच्या पोळीचा पापुद्रा आणि मागे किंचित काकवी अशी चव लागते. ग्लास उजेडात धरलास तर ती तपकिरी-लालसर दिसेल. कॉफी सापडणार नाही. सापडली, तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, ती डुंकेलच्या वळणाची नाही.

फसवते ती श्वार्त्सबिअर. दिसायला स्टाउट, प्यायला लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर. जर्मनीच्या थुरिंगियातली क्योस्ट्रिट्झर घे, ४.८ टक्के अल्कोहोल. नाकाला भाजल्याचा वास येतो, पण घोट गेल्यावर जीभ स्वच्छ राहते. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांत सावकाश काम करतं, फळांचा वास सोडत नाही आणि नंतर बिअर काही आठवडे थंडीत मुरते. शिवाय बरेच जर्मन ब्रुअर काळं माल्ट साल काढून भाजलेलं वापरतात. करपट कडूपणा बराचसा सालीतूनच येतो. रंग मिळतो, घशाला टोचत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

पोर्टर आणि स्टाउट मात्र एकाच घरातल्या. पोर्टर अठराव्या शतकातली, लंडनची. तिथल्या हमालांना पोर्टर म्हणत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. स्टाउट म्हणजे तेव्हा नुसतं ‘दणकट’: जास्त ताकदीची पोर्टर ती स्टाउट पोर्टर. १८१७ साली डॅनियल व्हीलरने कॉफीसारखं माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि थोड्या धान्यात गडद काळा रंग आणणं सोपं झालं. आज ढोबळ खूण अशी: पोर्टरमध्ये चॉकलेट माल्ट (चॉकलेटच्या रंगाइतकं भाजलेलं, चॉकलेट घातलेलं नव्हे), म्हणून कोको आणि टॉफीची गोडसर चव. कोरड्या आयरिश स्टाउटमध्ये मोड न आणलेली, थेट भाजलेली बार्ली, साधारण दहा टक्के, म्हणून बिनसाखरेच्या कडक कॉफीचा कोरडेपणा. पण ही रेघ पुसट आहे. काही बाटल्यांत फरक फक्त लेबलचा असतो, त्यामुळे तुला ओळखता आलं नाही तर चूक तुझी नाही.

‘स्टाउट म्हणजे जड’ हे मनातून काढ. गिनेस ही आयरिश स्टाउट, तिची ड्राफ्ट ४.२ टक्क्यांच्या आसपास असते. उलट इथली तांबूस-तपकिरी डोपलबॉक, म्हणजे जास्त ताकदीची लागर, पाउलानरची साल्वाटोर, ७.९ टक्के. गिनेस मऊ लागते ती नायट्रोजनमुळे. त्याचे बुडबुडे बारीक असतात आणि कार्बन डायऑक्साइड कमी असल्यामुळे जिभेला चुरचुर कमी. कॅनमधला प्लॅस्टिकचा गोळा हा नायट्रोजन सोडण्यासाठीच असतो. म्हणून असा कॅन आणि दुसरीची साधी बाटली शेजारी ठेवून ‘ही दाट, ती पातळ’ असं ठरवू नकोस. ती तुलना वायूंची होते, बिअरची नाही. मिल्क स्टाउटमधला गोडवा मात्र खरा असतो: तिच्यात दुधातली साखर, लॅक्टोज, घालतात आणि बिअरच्या यीस्टला ती पचत नाही.

आता पाणी, कारण तुझ्या तक्रारीचं मूळ तिथे असू शकतं. म्युनिक, लंडन, डब्लिन, तिन्हीकडच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, भरपूर. धान्य गरम पाण्यात भिजवताना पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) ५.२ ते ५.६ च्या दरम्यान लागतो. असल्या पाण्यात नुसतं फिकट माल्ट टाकलं तर पीएच वरच राहतो. गडद माल्ट आम्लधर्मी, ते त्याला खाली आणतं. पाण्याचं रसायन कुणाला कळायच्या आधीपासून या शहरांत गडद बिअर चांगली जमली, त्यामागे हे मोठं कारण आहे. उलट आरओच्या मऊ पाण्यात काळं माल्ट घातलं आणि चुना किंवा सोडा टाकून तोल सांभाळला नाही, तर पीएच फार खाली जातो आणि स्टाउट आंबट-तुरट, राखेसारखी लागते. तुझी घशाला ओरखडली म्हणतोस, तर ब्रुअरला पाण्याबद्दल नक्की विचार. तो स्टाउटचा स्वभाव नव्हे.

घरी करून बघायचं तर चार बाटल्या पुरेत, प्रत्येकीचे १०० मिलि. क्रम डुंकेल, श्वार्त्सबिअर, पोर्टर, स्टाउट असाच ठेव. कडक भाजणी आधी घेतलीस तर डुंकेल पाणी वाटेल. फ्रिजमधून वीस मिनिटं आधी काढ, ८ ते १० अंश हवेत. बर्फगार बिअरचा वास उठत नाही आणि मग चारही एकच वाटतात. ग्लासला साबण किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून मिठाने घासून साध्या पाण्याने खळखळून धू. मधे साधा पाव आणि पाणी. चिवडा, फरसाण नंतर. वहिनीचं नाक तल्लख आहे, वास आधी तिला घ्यायला सांग आणि तिने काय म्हटलं ते तुझा घोट होईपर्यंत ऐकू नकोस.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी. लोण्याचा आला, विशेषतः लागरमध्ये, तर यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत थंड केलेली. अशी बाटली या चाचणीतून काढून टाक.

इम्पीरियल स्टाउट मिळाली तर त्या दिवशी उघडू नकोस. ती आठ-दहा टक्क्यांची, कधी त्याहून वर. एक बाटली दोघांत, वेगळ्या संध्याकाळी, १२ अंशांच्या आसपास. चौघींपैकी कोणती ओळखता आली नाही ते कळव, आणि पाण्याबद्दल ब्रुअर काय म्हणाला तेही.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण, चिंटूला गोड पापा.

तुझा,
धाकटा