मागचं डावं चाक

चिपळूण, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

स्पितीतल्या काझाहून पाठवलेला फोटो मिळाला. तू आणि निखिलराव तुमच्या त्या राहत्या गाडीच्या दारात बसून मटार सोलताय, मागे बर्फाचा डोंगर, दोरीवर टॉवेल वाळतोय. आई तो फोटो घेऊन आळीत सगळ्यांना दाखवून आली. मीही पाहिला, फार बरं वाटलं. मग जरा मोठा करून पाहिला. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळपट ओघळ आलाय. आधी वाटलं सावली असेल. पण पुढच्या चाकावरची धूळ कोरडी, भुरभुरीत दिसते आणि या चाकावरची चिकटून बसली आहे. धूळ अशी चिकटते ती तेलालाच.

तेव्हापासून फोन लावतोय, लागत नाही. लोसरला एक मुक्काम, मग कुंझुमची खिंड, आणि त्या पट्ट्यात रेंज नाही, असं तूच म्हणाली होतीस. म्हणून लिहून ठेवतो. रेंज येईल तिथे मिळेल. कुंझुमच्या आधी मिळालं तर देवच पावला.

आधी कामाचं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघ. पातळी खुणेच्या खाली गेली असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. मग गाडी तिथून हलवायची नाही. काझा साठेक किलोमीटर मागे आहे, तिथून मेकॅनिक बोलवा, मागेल तेवढे पैसे द्या, मी पाठवतो. पातळी बरोबर असेल तर ते गियर ऑइल, म्हणजे हबचं ऑइल सील गेलंय. हे त्यातल्या त्यात बरं. पण तेच तेल ब्रेकच्या लायनरवर उतरलं की ते चाक धरत नाही आणि ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या अंगाला ओढते. बाटलीवरून खात्री वाटली नाही तर बोट लावून वास घे. वास तुला ओळखता येतो.

सहावीत होतीस तेव्हा माझा डबा घेऊन एसटीच्या डेपोत यायचीस. आई दप्तर घरी ठेवायला सांगायची, तू दप्तरासकटच यायचीस. मी गाडीखालच्या पिटात असलो की वरून वाकून बघत बसायचीस, आणि मी तुझ्या बोटाला तेल लावून विचारायचो, हे कुठलं? गियर ऑइलला नाक मुरडायचीस, कुजकट म्हणायचीस. ब्रेक ऑइल पातळ आणि रंग खाणारं, हे तर तू माझ्या लूनाच्या टाकीवर सांडूनच शिकलीस. साहेब म्हणायचे, पोरीला इथे कशाला आणता? मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आज देता येईल.

कराडहून कुंभार्ली उतरून गाडी आली की मी पहिला चाकांपाशी जायचो. ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला की ड्रायव्हरने घाट कसा उतरवला ते कळायचं. गियरवर उतरवला असेल तर ड्रम कोमट. पायावर, म्हणजे ब्रेक दाबत उतरवला असेल तर वीतभर अंतरावरूनच धग लागायची. जुने ड्रायव्हर एकच सांगायचे, ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. त्या श्रावणातली गाडी तुला माहीत आहे. ती पुन्हा लिहीत नाही.

आणि एक लक्षात घे. एसटीला एअर ब्रेक. हवा गेली तर गाडी जागेवर अडकून बसते. तुमच्या गाडीला ऑइलचे. ऑइल गेलं की पाय खालपर्यंत जातो. दोन सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं राहतं, हे मलाही कळतं. पण कुंझुम ४,५५१ मीटर, तिथून बातलपर्यंत पाचशे-सहाशे मीटरचा कच्चा उतार आणि पाठीवर सगळा संसार, एवढं सगळं उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर सोडायला माझं मन घेत नाही.

आता हे पुरे. दुसरं लिहितो.

मटार कसे आहेत? आई म्हणते तिकडचे मटार गोड असतात, उसळीत साखर घालायला लागू नये. भात नीट शिजत नाही म्हणाली होतीस, तर कुकरशिवाय लावूच नको. काझाच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात कितीही वेळ ठेवलं तरी तांदूळ आतून कच्चाच राहणार.

गाडी तयार झाल्यावर तुम्ही आम्हाला अंजर्ल्याला नेलं होतं, त्याची आठवण रोज निघते. सुरूच्या बनात गाडी लावलेली. पहाटे मागचं दार उघडलं तर समोर समुद्र, आणि मी अजून पांघरुणातच. आईने दोन बर्नरच्या शेगडीवर घावणे घातले आणि हात लांब केला की मीठ, हात लांब केला की तेल, म्हणून सगळं आयुष्य ओट्यापासून फडताळापर्यंत चालण्यात गेलं असं म्हणाली. संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून आणलेले बांगडे बाहेर तळले, गाडीत वास नको म्हणून. अर्ध्या बादलीत आंघोळ. रात्री कुणी कुशीवर वळलं की सगळी गाडी हलायची आणि निखिलराव झोपेतच "सॉरी आई" म्हणायचे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी रात्री कधी गाडीत झोपलो नव्हतो. गाडी म्हणजे काम. तिच्यात माणूस इतका निवांत असू शकतो हे मला तिथे कळलं.

तेव्हाच मी म्हटलं होतं की पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे नको होती. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते सगळं मागे लटकलेलं. आता ती हलवता येणार नाही, पण घाट चढायच्या आधी वीस-पंचवीस लिटर ठेवून बाकीचं सोडून द्या. पाणी पुढे मिळतं. ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर मनालीत बदलूनच घ्या. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेवर ब्रेक लागत नाही. उतारावर न्यूट्रल कधीही नाही, डिझेल वाचवायला तर मुळीच नाही. दर दोन-तीन किलोमीटरला थांबा, उतरा, हात नेऊन बघा.

बघ, पुन्हा शिकवायला बसलो. रागावू नकोस गं. गाडी तू चालवतेस, वायरिंग तू केलंस, ओट्याखालचे खण तू ठोकलेस. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नाही आणि म्हणून ती गादीखाली घेतली, हे तू मला सांगितलंस. मी आयुष्यभर गाड्या खोलल्या, पण घराचं सगळं सामान पोटात घेऊन चालणारी गाडी माझ्या हातून बांधली गेली नसती. हे मी गणपतीत आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. तू आली नाहीस म्हणून काका काही बोलला, त्यालाही हेच सांगितलं.

काका म्हणतो, घर सोडून कुणी असं राहतं का? त्याला २०२१चा पूर आठवत नाही. २२ जुलैला वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा तो पुण्यात होता. तू आलीस आणि गुडघाभर चिखलातून आजीची शिवणयंत्राची पेटी ओढून काढलीस, आणि पायरीवर बसून म्हणालीस, बाबा, मला हलवता येईल एवढंच घर हवं. मी तेव्हा काही बोललो नाही. डेपोतल्या पाण्यात बुडालेल्या गाड्या बघून आलो होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तुझं म्हणणं मला त्याच दिवशी पटलं होतं.

फक्त त्या घराला ब्रेक हवेत. आणखी एकच गोष्ट सुचली, लिहितो. सील गेलं असेल तर आधी डिफरन्शियलवरचा ब्रीदर बघ. हौसिंगच्या वर हवा सुटायला छोटी टोपी असते ती. तुम्ही नाले ओलांडताय, चिखलाने ती बुजली असणार. काझाला वेफरची पिशवी फुगल्याचा फोटो पाठवला होतास ना, तसंच. बाहेरची हवा विरळ, आतली मात्र खालच्या उंचीवरची, कोंडलेली, त्यात तेल तापलेलं. वरून वाट मिळाली नाही की ते सीलमधून वाट काढतं. तारेने टोपी साफ कर, झाकण फिरतंय का बघ. हे न करता नवं सील बसवलंत तर तेही पुढच्या घाटात गळेल. आणि लायनरवर तेल गेलं असेल तर पेट्रोलने धुऊन वापरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ते जोडीने बदलायचे, दोन्ही बाजूंचे.

निखिलरावांना सांग, मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. उतारावर तूच चालव म्हणजे झालं. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

सीलवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून पाठव. मनालीत मिळालं नाही तर इथून घेऊन लगेच कुरिअर करतो, लायनरचा सेट पण. पार्सल घेईल असा मनालीतला एखादा पत्ता कळव. आईने कुळथाचं पीठ आणि गोडा मसाला बांधून ठेवलाय, तोही त्याच खोक्यात येईल.

तुझा,
बाबा