दहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक अनोळखी नाणे येऊ द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

गेल्या वर्षी दहावीच्या तासाला मी एका नाण्याच्या फोटोची झेरॉक्स वाटली. चांदीचे नाणे, कडा झिजलेल्या, ए-फोर कागदभर मोठे केलेले. काही सांगितले नाही, नुसते "बघा" म्हटले. "मॅडम, हे कुणाचं?", "मॅडम, उलटं छापलंय का?" असे बराच वेळ चालले. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "याच्या गालावर कुणीतरी डोंगर ठोकलाय."

ठोकलाच होता. चेहरा शक राजा क्षत्रप नहपानाचा आणि त्यावर उमटवलेला तीन कमानींचा डोंगर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. आमच्या सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा असा ठसा आहे. जुनी वितळवून नवी का नाही पाडली, असे मी विचारले. एक जण म्हणाला, वेळ वाचला. मागून दुसरा म्हणाला, "इलेक्शनला एकाच्या पोस्टरवर दुसरा आपला पोस्टर चिकटवतो ना, तसं. खालचा थोडा दिसायला पाहिजे, नाहीतर मजा काय?"

या उत्तराला किती गुण द्यायचे, ते बोर्डाच्या कुठल्याच उत्तरसूचीत नाही. पत्र लिहायला बसले ते त्यामुळे.

पुढच्या शनिवारी वर्ग नाशिकजवळच्या पांडवलेणीला, त्या जुन्या बौद्ध लेण्यांना नेला. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने तो कोरवून घेतला. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, ज्याने क्षहरातांचा वंश निखळून काढला, असे मुलाचे वर्णन त्यात आहे. मी अनुवाद वाचून दाखवला, तर एक पोरगा पुटपुटला, "आई सांगणारच." सगळे हसले. मी मात्र मनात म्हटले, साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच. मग प्रश्न आपोआप आला : आईशिवाय आणखी कोण सांगतंय? झेरॉक्स दप्तरातच होती. क्षहरात म्हणजे नहपानाचेच घराणे. आईचा शब्द एकीकडे, ठोकलेली नाणी दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच गोष्टीकडे, नहपानाच्या पराभवाकडे, बोट दाखवतात.

मग दहाव्या लेण्याकडे गेलो. ती हरलेल्या बाजूची जागा. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने, १,००० शेकडा पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची चीवरे (वस्त्रे) आणि इतर खर्च. मुलांनी तिथेच दगडावर बसून वर्षाचे व्याज काढले आणि आजच्या एफडीशी ताडून पाहिले. आजची एफडी हरली. मग कुणीतरी विचारले की राज्य बदलल्यावर उषवदाताच्या मालमत्तेचे काय झाले. त्याचा एक धागा पुन्हा तिसऱ्या लेण्यातच आहे. तिथल्या गौतमीपुत्राच्या आज्ञेत "आजवर उषभदाताकडे असलेले" २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. अभ्यासक हा उषभदात म्हणजे तोच जावई मानतात. "म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदललं!" हे उत्तर एका शेतकऱ्याच्या मुलाचे. एरवी हा मुलगा इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर बघत असतो.

साहेब, सोमवारी शाळेत परतलो तेव्हा चाचणी समोर होती. संकल्पनाचित्र पूर्ण करा. चुकीची जोडी ओळखा. टिपा लिहा.

पुस्तकाला मी दोष देणार नाही. दहावीच्या इतिहासात उपयोजित इतिहास आहे, प्रसारमाध्यमे आणि इतिहास आहे, मनोरंजनाची माध्यमेही आहेत. ज्यांनी तो आराखडा केला त्यांना हेच हवे होते, असे ओळीओळीतून दिसते. पण ४० गुणांच्या पत्रिकेत त्याचे पुन्हा पाठांतर होते. उतारा वाचून उत्तरे लिहा, हा प्रश्न आहे. पण उतारा पुस्तकातलाच, त्यामुळे मुले तो न वाचताच उत्तरे लिहितात. मी स्वतः त्यांची तशी तयारी करून घेते, खोटे कशाला बोलू? निकाल माझ्याही नावावर लागतो. "सहली पुरे, पोर्शन संपवा," हे मलाही ऐकून घ्यावे लागले आहे. सांगणारे माणूस वाईट नव्हते, त्यांनाही वर उत्तर द्यायचे असते.

पांडवलेणीच्या पायथ्याशीच फाळके स्मारक आहे. दादासाहेब १८७० मध्ये त्र्यंबकला जन्मले, १९४४ मध्ये नाशिकला गेले. 'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला तुकडा मी वर्गात दाखवला. तारामती म्हणजे साळुंके नावाचे पुरुष नट, असे सांगितल्यावर मुलांना हसू आवरेना. याच साळुंक्यांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले, हे ऐकून तर दोन बाक हलले. हसू ओसरल्यावर एका मुलीने विचारले, "मग बायका का नाही आल्या?" चित्रपटाची कथा पुराणातली, पण तो पुरावा देतो १९१३ च्या मुंबईचा. हे मला फळ्यावर लिहावे लागले नाही. नंतर मी दुसरा बॉम्ब टाकला : उरलेला तुकडा १९१३ चा मूळ की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. वर्ग चिडला. "म्हणजे आपण बघितलं काय?"

तो चिडलेला वर्ग मला हवा आहे. कारण हीच मुले एरवी "मॅडम, पिक्चरमध्ये दाखवलंय" म्हणून मला पुरावा देतात. मोबाइलवर शिवरायांचा 'खरा फोटो' फिरतो आणि घरची मोठी माणसेही हात जोडून तो पुढे पाठवतात. छायाचित्रणाचे तंत्र जगापुढे आले १८३९ मध्ये, महाराज गेले १६८० मध्ये; एवढी वजाबाकी कुणी करत नाही. महाराजांचे म्हणून पूर्वी भलतेच चित्र घरोघर चालत होते आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी साधने धुंडाळून अस्सल चित्र पुढे आणले, हे मी सांगते तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. प्रश्न विचारल्याने महाराजांचा मान कमी झाला नाही, खरा चेहरा मिळाला.

साधनांसाठी आम्हाला लांब जावे लागत नाही. अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. काळाराम मंदिर आहे, जिथे २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, घराण्यांच्या नोंदींच्या वह्या आहेत. माझा एक विद्यार्थी आजोबांच्या अस्थी घेऊन गेला, तेव्हा गुरुजींनी वही उघडून पणजोबांची मोडीतली सही दाखवली. त्याला ती वाचता येईना. दुसऱ्या दिवशी मोडीची अक्षरे मागायला तो स्टाफरूमच्या दारात उभा होता.

मागणी एकच आहे. इतिहासाच्या पत्रिकेत ४ गुण पुस्तकात नसलेल्या साधनाला द्या : नाणे, जुना फोटो, जाहिरात, पत्र, काहीही. पत्रिकेत जे येते ते शाळा शिकवतातच, त्यासाठी वेगळे परिपत्रक लागत नाही. प्रोजेक्टर नसलेल्या शाळेचे काय, असे कुणी विचारील. माझ्या नाण्याला एक झेरॉक्स पुरली. प्रशिक्षण द्यायचे तर मात्र एखाद्या लेण्यात किंवा दप्तरखान्यात द्या. पुन्हा एक लिंक आणि पुन्हा एक प्रमाणपत्र नको.

नमुना प्रश्न सोबत देत आहे. नाण्याचे चित्र वर, त्याखाली तीन उपप्रश्न. या नाण्यावर किती राजांच्या खुणा दिसतात? (१ गुण) नंतरची खूण कोणती, हे कशावरून ओळखाल? (१ गुण) या नाण्यावरून कोणती गोष्ट सांगता येणार नाही? (२ गुण)

तिसऱ्याचे नमुना उत्तर मुद्दाम जोडलेले नाही. तपासनिसांना मुलांनी लिहिलेले वाचावे लागेल.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक शिक्षिका, नाशिक