गाडी घेतलीय, आधी पत्र पुरतं वाचा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही पहिल्याच वाक्याला फोन आईकडं दिला असता आणि तिनं "बाळूमामा!" म्हणून तो ठेवून दिला असता. म्हणून पत्र. दादाकडून वाचून घेऊ नका, तो मधलं गाळतो.

मी मोटारसायकल घेतली. जुनी, स्प्लेंडर. पैसे देऊन झालेत, कागद आरटीओत गेलेत.

आई, तुला चक्कर आली त्या रात्री लॅबमधनं सुटेपर्यंत गारगोटीची शेवटची एसटी गेली होती. उजाडेपर्यंत मी स्टँडवर बसून होते. मुंबईला असते तर मनाची समजूत घातली असती. इथं कोल्हापुरात, पन्नासेक किलोमीटरवर असून पोचता येत नाही, हे मला सोसलं नाही. तुला बोल लावायला लिहीत नाही, उलट तू त्या दिवशी मला कळवलंस हेच बरं केलंस. पुढंही कळव. "पोरीला कशाला त्रास" हे बंद.

बाबा, तुमचं म्हणणं पाठ आहे मला: जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हेही तुम्ही बातम्यांत ऐकलं असणार. तरी नवीला हप्ते आले असते. ही रोख ४२,००० ला पडली, माझ्या पगारातल्या साठवणुकीतनं. लग्नाच्या ठेवीला हात लावलेला नाही. (त्या ठेवीचं काय करायचं ते आपण नंतर बोलू.)

आंधळेपणानं घेतली असंही नाही. आधी एका एजंटाकडची बघितली होती. अशी चकचकीत, की मी तिथंच हो म्हणणार होते. पण उद्यमनगरातले मिस्त्री सोबत होते. त्यांनी सीट काढली, हेडलाइट उघडला, तर आत वाळलेला गाळ. म्हणाले, "ताई, पुरातली हाय ही, नाद सोडा." २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या तुम्हाला माहीत आहे. धुऊन, पॉलिश मारून त्या उभ्या करता येतात; पण पाणी वायरिंगमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरलेलं असतं, ते नंतर एकेक करून बाहेर येतं.

आपली गाडी पाचगावातल्या एका निवृत्त गुरुजींची. पाचगाव उंचावर, तिथं पुराचं पाणी कुठलं चढायला! २०१९ च्या दिवाळीतली, एकहाती. मिस्त्रींनी आदल्या दिवशीच त्यांना सांगून ठेवलं होतं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका; गार इंजिन पहिल्या किकला कसं उठतं ते बघायचं होतं. दुसऱ्या किकला उठलं. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. पुढचे शॉकअप कोरडे. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवले, चलन बाकी आहे का तेही बघितलं. चेन-स्प्रॉकेट संपलं होतं, त्यापोटी ८०० कमी करून घेतले. गुरुजींना ते फारसं आवडलं नाही, पण पेढा दिला त्यांनी. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा असतो, तोही अर्ज दिलाय. आरसी २०३४ पर्यंत आहे.

स्कूटी का नाही, हे आई विचारणार. तिची चाकं बारकी. आपल्या फाट्यापुढचा रस्ता कसला आहे ते वडापच्या जीपवाल्याला विचार. हिचं चाक १८ इंची, खड्ड्यात बसत नाही. शिवाय मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून लहान गाड्यांना ते सक्तीचंच केलंय. आणि गिअर मी काही आज शिकले नाही. डेअरीवरून रिकाम्या किटल्या घेऊन येताना तुमची एम-एटी गाडी माझ्या हातात देऊन मागं कोण बसायचं? "क्लच हळू, बाळ, हळू," असं कानाशी म्हणत? पाय पुरत नव्हते तरी तुम्ही तेव्हा भ्याला नव्हता, बाबा.

वाटेतल्या मुदाळतिट्ट्याच्या रस्त्याचं मनात येणारच तुमच्या. माझ्याही आलं. म्हणून आधीच ठरवलंय: कारखाने चालू असताना अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं यायचं नाही, अगदीच तातडी असल्याशिवाय. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टरवर चिखल. तातडी असलीच तर पुढं ट्रॉली दिसली की मागं मागंच राहीन, ओव्हरटेक नाही. कळंब्याहून निघताना एक फोन करीन, बिद्रीत थांबून एक. मधे तुम्ही करायचा नाही. वाजला की माणूस खिशाकडं बघतं.

बाकी माझं बरं चाललंय. साने गुरुजी वसाहतीतल्या खोलीला पाणी वेळेवर येतं, काकूंच्या डब्यात रोज भाकरी असते, तुझ्यासारखी पातळ नाही, पण असते. गाडी रात्री मालकांच्या पोर्चमध्ये लावते. अंबाबाईला नारळ वाढवलाय.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, आठवण झाली की नव्हे. रानात चप्पल नाही, बूट. आई, रविवारी मी येणार म्हणून पहाटेपासून चुलीपाशी बसू नकोस, आणि रस्त्यावर येऊन उभी तर अजिबात राहू नकोस, बीपी तपासायचंय तुझं. हेल्मेट दोन घेतलीत, आयएसआयची. एक तुझं. पदराला अडतं, केस दबतात, काही ऐकणार नाही. मागं बसणाऱ्यालाही ते घालावंच लागतं. साडीगार्ड चांगलं रुंद आहे. अमावस्येची गर्दी सरली की तुला आदमापूरला बाळूमामांच्या देवळात नेते, निवांत दर्शन होईल.

दादाला आधी सांगितलं नाही म्हणून तो फुगेल. त्याला म्हणावं, चालवायला देईन.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, तुमच्या एम-एटीची पंधरा वर्षं कधीच उलटून गेलीत. पुन्हा नोंदणी केल्याशिवाय ती डांबरीवर काढायची नाही. चावी आईकडं द्या. आई, तू ती परत देऊ नकोस.